मुकी विमाने आणि बोलकी माणसे

'वस्तुसंग्रहालय' हा शब्द ज्या कोणी मराठीत रूढ केला त्याच्या मनात काही वाकडे नसावे. पण त्या शब्दाने आमच्या लोकांची एक मोठी सोय करून ठेवली आहे. संग्रह करावयाचा तो वस्तूंचा. त्या वापरणाऱ्या माणसांशी आपणांस कर्तव्य नाही, अशी समजूत त्या नावाच्या आश्रयाने पक्की होऊन बसली. जुनी वस्तू चौथऱ्यावर चढवावी, तिला रंगाचे दोन हात द्यावे, खाली पाटी ठोकावी आणि भोवती साखळी ओढावी, की इतिहासाचे ऋण फिटले! तोफा, तलवारी व नाणी यांच्या बाबतीत ही समजूत फारसा अनर्थ करीत नाही. ती हाताळणारी माणसे शेकडो वर्षांपूर्वीच गेली. परंतु ज्या वस्तूच्या शेजारी उभे राहून तिची हकीकत सांगणारा मनुष्य अद्यापि हयात आहे, आपल्याच गावात राहतो आहे, बसचे तिकीट काढून येऊ शकतो आहे, तिच्या बाबतीतही तोच नियम लावणे यास आम्ही आळस म्हणतो; आणि समुद्रावर गस्त घालणाऱ्या जुन्या लष्करी विमानांच्या बाबतीत तर आळस हा शब्दही आम्हांस सौम्य वाटतो.

गोव्यात दाबोळीच्या विमानतळानजीक, बोगमाळ्याच्या रस्त्यावर, नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. ते १९९८ साली उघडले. सुटीत गोव्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. मुलांनी सी हॉकपाशी छायाचित्रे काढून घेतली असतील, आणि उन्हाचा कडाका वाढताच मंडळी समुद्राकडे वळली असतील. त्या अंगणात सर्वांत मोठे दिसते ते सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे विमान. सडपातळ, किंचित वाकलेले धड, आणि मागे एकाऐवजी तीन उभ्या पंखांचे शेपूट. एअर इंडियाच्या ताफ्यात असताना या विमानाचे नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आमच्या वेरूळची राणी, असे होते. १९६० साली जेट विमाने आली तेव्हा अशा राण्यांना रजा मिळण्याची वेळ आली. त्या वायुदलाकडे गेल्या, आणि पुढे समुद्रावरील टेहळणीच्या कामास जुंपल्या गेल्या. १९७६ साली हे टेहळणीचे काम सरकारने वायुदलाकडून काढून नौदलाच्या स्वाधीन केले, तेव्हा पाच सुपर कॉन्स्टेलेशने दाबोळीस आली. १९८० नंतर थोड्याच वर्षांत ती जमिनीवर उतरली ती कायमची. एका विमानाने उतारू वाहावे, मग सैनिक वाहावे, मग पाणबुड्या हुडकाव्या, आणि अखेर खाऱ्या वाऱ्यात व कोकणी पावसात उघड्यावर उभे राहून पर्यटकांचे मनोरंजन करावे, एवढे चरित्र थोड्या माणसांच्या वाट्यास येते. पाटीवर यातले किती मावणार?

कोणी म्हणेल, पाटीचा दोष काय? लढाऊ विमानाच्या पाटीवरही थोडकेच लिहिलेले असते. खरे आहे, पण लढाऊ विमानाचे थोडक्यात भागते. अमुक दिवशी उडाले, शत्रूचे अमुक विमान पाडले, चालकास अमुक पदक मिळाले, एवढ्या तीन ओळींत त्याचे सार्थक होते. गस्ती विमानाचा धंदाच निराळा. पहाटे उडावे, शेतकरी नांगर धरतो तसे आखलेल्या रेघांवर समुद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन्‌तास फिरावे, रडारच्या पडद्यावर डोळे फोडावे, आणि परत येऊन वहीत लिहावे की काही आढळले नाही. गस्त नीट घातली गेली याचा बहुतेक दिवशी मिळणारा पुरावा हाच, की काही घडले नाही. आळीतून रात्री काठी आपटीत फिरणाऱ्या गुरख्याच्या नोकरीचा इतिहास नुसत्या दप्तरावरून लिहावयास बसलात तर काय लिहाल? तो किती रात्री फिरला एवढेच ना? टुपोलेव्ह-१४२ ही आमच्या नौदलाची आठ प्रचंड गस्ती विमाने १९८८ ते २०१७ या काळात एकही अपघात न होता सुमारे ३०,००० तास उडाली, असा आकडा प्रसिद्ध आहे. अहोरात्र धरले तर तीन वर्षे आणि पाच महिने. या तीन वर्षे पाच महिन्यांत माणसे आत काय करीत होती, काय खात होती, कशास भीत होती, डोळा लागू नये म्हणून कोणती युक्ती योजीत होती, हे आकड्यांत नाही, विमानाच्या पत्र्यात नाही, आणि वहीतही नाही. ते केवळ त्या माणसांपाशी आहे. इतर शस्त्रांना साक्षीदार असला तर बरे. गस्ती विमानाला मात्र साक्षीदारावाचून इतिहासच नाही. आमचे म्हणणे आहे ते एवढेच; पण ते पूर्णपणे मान्य केले तर आमच्या संग्रहालयांचा आजचा सारा व्यवहार बदलावा लागेल.

अशा विमानापाशी त्यावर काम केलेला जुना मनुष्य आला की काय होते ते पाहण्यासारखे असते. तो पाटी वाचीत नाही. तो सरळ पोटाखाली जातो, वर पाहतो, आणि पत्र्यावर एखाद्या ठिकाणी हात ठेवतो. मग बोलू लागतो. सुपर कॉन्स्टेलेशनला चार इंजिने, प्रत्येक इंजिनात अठरा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग. म्हणजे एकंदर १४४ प्लग. हा हिशेब पुस्तकात सापडेल. परंतु त्यांपैकी कोणता रुसला आहे हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखणारा कान, आणि भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर चढून तो बदलणारा हात, यांची माहिती पुस्तकात नसते. उपग्रहांचा काळ येण्यापूर्वी भर समुद्रावर आपण कोठे आहो हे नेव्हिगेटरला तारे, वारा आणि घड्याळ यांवरून ठरवावे लागे. ढगांनी आकाश झाकले म्हणजे त्याच्या मनाची काय अवस्था होई, हे तोच सांगेल. रडारवर दिसणारा ठिपका लाटेचा की होडीचा हे ओळखावयास किती महिने लागतात, हे रडारवाल्यास विचारावे. पाण्यात टाकावयाच्या सोनोबॉय नावाच्या श्रवणयंत्रांतून पाणबुडीचा आवाज ऐकण्याची आशा धरून बसणे, आणि ऐकू यावा तो केवळ समुद्राचाच आवाज, हा अनुभव ज्यांनी घेतला तीच माणसे त्या कामाचे ग्रंथ आहेत.

ब्रिटिशांच्या शॅकलटन या गस्ती विमानाची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. चार ग्रिफन इंजिनांच्या त्या विमानाविषयी त्याचेच सैनिक थट्टेने म्हणत, की ही चाळीस हजार रिव्हेटे एकमेकांना बिलगून उडत आहेत. ऐकणारा हसतो व पुढे जातो. पण हीच माणसे आणखी थोडा वेळ बोलू दिली म्हणजे कळते, की त्या गोंगाटात वर्षानुवर्षे बसून त्यांपैकी अनेकांचे कान गेले. उंच स्वर ऐकू न येण्याची ती व्याधी इतकी सर्रास होती की तिला विमानाचेच नाव पडले. संग्रहालयातले शॅकलटन अगदी शांत उभे असते. त्याच्या शांततेतून प्रेक्षकाने काय शिकावे? ते विमान म्हणजे मुळात एक आवाज होता, हे सांगावयास बहिरा झालेला मनुष्यच हवा!

साक्षीदार नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधावयास फार लांब जावयास नको. ते आमच्या पुण्याशेजारच्या लोहगावी घडले. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर जातीची अमेरिकन बाँबर विमाने कानपुरास मोडून टाकून दिली होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत अशीच ती मोडली होती. बंगळुरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या भंगारातून चाळीसच्या आसपास विमाने उभी केली. इतकेच नव्हे, तर डागडुजी करून ती कानपुराहून बंगळुरास उडवीत नेली! त्यांपैकी काही विमानांनी वायुदलाच्या सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये पुण्यास राहून १९५१ पासून अरबी समुद्रावर टेहळणी केली. १९६८ च्या अखेरीस लिबरेटर निवृत्त झाली तेव्हा जगात इतरत्र ती जवळपास नाहीशी झालेली होती. साहजिकच परदेशी संग्रहालयांची दृष्टी इकडे वळली. एक इंग्लंडातील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयास १९७४ साली गेले, एक अमेरिकेत अॅरिझोनातील पिमाच्या संग्रहालयात गेले, एक कॅनडास गेले. आणखी एक अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने घेऊन १९८९ साली पुन्हा आकाशात उडविले. त्या विमानास एकामागून एक तीन वेळा रंग दिले गेले, आणि तीनही वेळा ते रंग व ती नावे अमेरिकन युद्धविमानांची होती. १९४४ साली जन्मलेल्या त्या विमानाचे जवळजवळ वीस वर्षांचे आयुष्य भारतीय वायुदलात गेले. ते रंगाच्या पहिल्याच हातात पुसले गेले.

यावर अमेरिकनांस दोष देण्याची आमची इच्छा नाही. त्यांच्या देशातील म्हातारे वैमानिक त्या विमानापाशी येतात, आत चढतात, रडतात, नातवांस गोष्टी सांगतात. त्यांच्या आठवणींसाठी त्यांनी विमान रंगविले. ज्यांच्या आठवणी तेथे हजर होत्या त्यांचा रंग विमानास लागला. लोहगावच्या लिबरेटरांवर ज्यांनी हयात घालविली त्यांनी आठवणी सांगितल्या नाहीत, आणि त्या सांगा म्हणून त्यांच्या घरी कोणी गेले नाही. एक लिबरेटर दिल्लीत पालमच्या वायुदल-संग्रहालयात आहे. त्यावर १९६८ साली काम करणारा विशीतला पोरगा आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. बाकीचे बहुतेक गेले.

आमच्या या म्हणण्यावर विद्वानांचा पहिला आक्षेप ठाऊक आहे. म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे गप्पा. त्यांत तारखा चुकतात, पराक्रम फुगतात, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत नायक तो स्वतःच असतो. यातले कोणतेही विधान आम्ही नाकारीत नाही. तारखा चुकतातच, पण तारखांकरिता उड्डाणाच्या वह्या आहेत, त्या ताडून पाहाव्या. म्हातारा पराक्रम सांगू लागला तर लेखणी जरा सैल धरावी; काम सांगू लागला की घट्ट धरावी. पन्नास वर्षांपूर्वीची लढाई तो चुकीची सांगेल, पण पन्नास वर्षांपूर्वीचे स्क्रू पिळणे तो चुकीचे सांगत नाही. ते त्याच्या मनगटात आहे. शिवाय दप्तरे काय स्वर्गातून उतरतात? तीही माणसांनीच लिहिलेली असतात, आणि पुष्कळदा वरिष्ठ काय वाचू इच्छितात हे ओळखून लिहिलेली असतात. लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमने १९७२ पासून शिपायांच्या व नागरिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा स्वतंत्र विभागच चालविला आहे. त्यामुळे इंग्रजांचा इतिहास गप्पाष्टक झाला असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. आमच्याकडेही दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयाने १९६६ पासून राजकीय पुढाऱ्यांच्या मुलाखती टिपून ठेवल्या. पुढाऱ्यांची स्मृती तेवढी विश्वसनीय, आणि फिटरची मात्र अविश्वसनीय, हा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे?

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. तो ऐकताना चेहरा गंभीर ठेवणे कठीण जाते. टुपोलेव्ह-१४२ च्या पोटात विशाखापट्टणच्या समुद्रकिनाऱ्यावर तिकीट काढून कोणासही हिंडता येते. त्यातील यंत्रे काचेमागे मांडून ठेवली आहेत. जी जागा सहलीच्या पोरांस दाखविण्यास हरकत नाही, तेथे बसणाऱ्याने थंडी वाजत होती असे सांगितले तर राष्ट्र धोक्यात येते काय? ज्या गोष्टी खरोखर झाकावयाच्या त्या झाकाव्या. त्यासाठी नौदलाचा एखादा अधिकारी लिखाण तपासावयास बसवावा. पण चाळीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या विमानाचे गुपित सांभाळीत माणसे मरू देणे ही दक्षता नव्हे.

नौदलास स्वतःलाही हे मान्य आहे, असे आम्ही समजतो. व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या अधिकृत इतिहासाचे खंड २००० सालापासून प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या मंडळींच्या आठवणी जागोजाग उतरून घेतल्या आहेत, आणि त्या खंडांतील सर्वांत जिवंत पाने तीच आहेत. मात्र तेथे बोलतात ते बहुतेक अधिकारी. जहाजाच्या खालच्या मजल्यावरचा खलाशी, विमानाखालचा मेकॅनिक, दारूगोळा चढविणारा, यांचा आवाज त्या पानांत क्वचितच येतो. गस्ती विमान मात्र अधिकाऱ्यांपेक्षा याच लोकांच्या खांद्यांवर उडत असे.

अलिझेचेच पाहा. फ्रेंच भाषेत हे व्यापारी वाऱ्यांचे नाव. 'विक्रांत'वरील हे पाणबुडीशोधक विमान एका इंजिनाचे. आत तिघे माणसे, आणि पोटाखाली समुद्र. १९६१ पासून १९९१ पर्यंत त्याने नौदलात काम केले. १० डिसेंबर १९७१ रोजी, 'खुक्री' बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अरबी समुद्रावर गेलेले एक अलिझे पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. त्यातले तिघेही परत आले नाहीत. त्या दिवशी ते विमान कोणी सज्ज केले, दोर कोणी सोडला, सायंकाळी त्याची वाट पाहत कोण किती वेळ उभे राहिले, हे ज्यांना आठवते त्यांपैकी सर्वांत तरुण आज सत्तरीच्या पुढे आहेत. १ ऑक्टोबर २००२ रोजी गोव्यातच इल्यूशिन-३८ जातीच्या गस्ती विमानांच्या स्क्वॉड्रनचा रौप्यमहोत्सव साजरा होत असता दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली व दोहोंतील बाराही जण गेले. ती विमाने २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. चौथऱ्यावरच्या इल्यूशिनखाली हा दिवस एका ओळीत लिहावयाचा असेल तर लिहा. पण त्या दिवशी दाबोळीच्या वसाहतीत स्वयंपाकघरातून ज्यांनी आवाज ऐकला त्या बायकांस कोणी विचारले आहे काय? गस्तीचे तास सरकारने मोजले तसे त्यांनीही मोजले आहेत.

येथे थोडे आमच्या वाचकवर्गासही सुनावणे भाग आहे. मध्यम वर्गातील पुष्कळ मराठी घरांत नौदलात किंवा वायुदलात नोकरी केलेला एखादा काका, मामा, आजोबा असतो. त्याच्याकडून आपण काय मागतो? कँटीनच्या कार्डावर काय स्वस्त मिळेल ते! मुंजीत वा लग्नात त्याने जुनी गोष्ट काढली की जेवणाची पाने वाढली जातात. हळूहळू तोही गोष्ट काढीत नाही. वर्षातून एकदा जुन्या सोबत्यांचा मेळावा भरतो, तेथे रात्री उशिरापर्यंत तो बोलतो. ऐकणाऱ्यांस ते सारे ठाऊकच असते, आणि ज्यांस ठाऊक नसते ती घरची मंडळी खोलीत झोपलेली असतात. निवृत्त मंडळींचाही यात भाग आहे. आपापसांत बोलून त्यांची हौस फिटते, आणि बाहेरच्याने विचारले तर 'त्यात सांगण्यासारखे काय?' असे म्हणून ती गप्प बसतात. या विनयाचे आम्हांस कौतुक वाटत नाही. ज्यांच्या नोकरीचा सारा अर्थ 'काही आढळले नाही' या तीन शब्दांत बंद आहे, त्यांनी तो उघडून दाखविण्याचे नाकारणे म्हणजे पुढच्या पिढीची वाट अडविणे होय.

वस्तू तर आहे ना, मग घाई कसली, असे ज्यांस वाटते त्यांनी मुंबईच्या बंदराची आठवण ठेवावी. 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली व तरंगते संग्रहालय म्हणून ठेवली गेली. शाळांच्या सहली तिच्यावर येत असत. २०१२ मध्ये ती सुरक्षित नाही म्हणून लोकांस बंद करण्यात आली, २०१४ मध्ये लिलावात विकली गेली, आणि दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादातून पुढे मोटरसायकली निघाल्या! तिच्यानंतरची 'विराट' २०२० साली अलंगच्या किनाऱ्यास लागली. ज्या डेकवर अलिझे उतरत असे तो डेक आता कोठेही नाही. लांबी-रुंदी कागदावर मिळेल. पण त्या आखूड डेकवर खवळलेल्या समुद्रात उतरताना दोर आकड्यात अडकला की नाही हे कळेपर्यंतचा क्षण केवढा असे, हे सांगणारी माणसे मात्र अद्यापि काही उरली आहेत. पोलाद माणसाआधी गेले, असे आमच्या शहरात घडून चुकले आहे.

विशाखापट्टणच्या लोकांनी एक गोष्ट उत्तम केली. २९ मार्च २०१७ रोजी टुपोलेव्ह निवृत्त झाले आणि त्याच डिसेंबरात त्यांतील एक विमान संग्रहालय म्हणून उघडलेही. एवढे अवाढव्य विमान नऊ महिन्यांत किनाऱ्यावर आणून मांडणाऱ्यांस त्याच्या माणसांना एका खोलीत आणून बसविणे जड जाऊ नये. त्या विमानाची माणसे अजून उमेदीत आहेत. सुपर कॉन्स्टेलेशनची व अलिझेची मात्र थकली आहेत, आणि ती एका ठिकाणी नाहीत. केरळात, पंजाबात, कोकणात, पुण्याच्या उपनगरांत विखुरली आहेत. त्यांचे पत्ते निवृत्तिवेतनाच्या कचेऱ्यांत आहेत. नौदलाने त्यांस पत्र घालावे, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, ज्या विमानावर ज्याने काम केले त्याच्याच सावलीत त्यास बसवावे, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत त्यास बोलू द्यावे; इंग्रजीत बोलावयास लावले की खलाशी अधिकाऱ्यासारखा बोलू लागतो. विमानाच्या एका पंखास रंग देण्यास जो खर्च येतो त्याहून हा खर्च अधिक होईल असे आम्हांस वाटत नाही. प्रेक्षकांची गर्दी, पोरांचा कलकलाट, यांची अडचण सांगितली जाईल. बोगमाळ्याचे संग्रहालय दर सोमवारी बंद असते. तो वार मोकळाच आहे.